घरगुती पाणबुडीचं हॅच: ओ-रिंग किती जाड, किती कडक?

तळठाव

मंडळी, मिशिगनात दोघे बसतील अशी छोटी पोलादी पाणबुडी बांधणं चालू आहे. आकार छोट्या पाणबुड्या बनवणारे जॉर्ज किट्रेज यांच्या के-३५० च्या जातीचा, खोलीही तेवढीच, ३५० फूट म्हणजे साधारण १०० मीटर. पाणी तळ्याचं, गोडं. हलचं (बोटीच्या पोलादी शरीराचं) वेल्डिंग संपलंय, टॉवर आणि हॅच बाकी आहे. ड्रॉइंग या आठवड्यात मशीन शॉपला द्यायचंय. तपशील असा:

तोंड ५०० मिमी. बैठकीची कडी आतून ५००, बाहेरून ५८०, म्हणजे बसायला ४० मिमी रुंदी. झाकण घुमटाचं, बाहेरून बसणारं, काठाच्या कडीसकट सुमारे ४५ किलो. आतून चाक, त्याला झाकण आवळून धरणारे तीन डॉग (खिट्ट्या).

माझा विचार: (१) ३.५३ मिमी जाडीची ओ-रिंग (खाचेत बसणारं गोल रबरी सील), (२) १० बार दाब आहे म्हणून ९० शोअर कडकपणा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं रबर कडक), (३) व्हायटॉन रबर, कारण तेच सगळ्यात भारी, (४) खबरदारी म्हणून एकात एक दोन रिंगा, (५) खाच खालच्या बैठकीत.

यात काय चुकतंय ते बिनधास्त सांगा. लोखंड कापायच्या आधी ऐकलेलं बरं.

व्हीटीएल

पाचही बदला. रागावू नका, पहिल्या ड्रॉइंगात बहुतेकांचं हेच होतं, कारण सगळे १०० मीटरचा विचार करतात. १०० मीटरवर हॅच गळत नाही हो. गळतं ते पहिल्या पाच मीटरांत.

हिशोब बघा. रिंगेचा मध्यव्यास धरा ५४२ मिमी. त्यातलं क्षेत्रफळ ०.२३ चौरस मीटर. १०० मीटर गोड्या पाण्यात दाब ०.९८ मेगापास्कल (जवळजवळ १० बार), म्हणजे झाकणावर २३ टन. २३ टनांखाली ७० शोअरचं रबर पूर्ण दबून झाकणाचं लोखंड बैठकीच्या लोखंडाला टेकलेलं असतं. मधे फटच नाही, तर रबर बाहेर फाटून जाणार कुठून? साध्या ७० शोअर रिंगा मागे आधाराची कडी न घालता १०० बारपर्यंत बिनतक्रार चालतात, तुम्ही १० वर आहात. ९० शोअर इथे फुकटचं संकट आहे, कारण ती दाबायलाच कोणी नाही.

पृष्ठभागावर काय होतं ते बघा. पाण्याचा दाब जवळजवळ शून्य. रिंग दाबायला झाकणाचं वजन आणि तुमच्या मनगटातली ताकद, बस. ६.९९ मिमीची ७० शोअर रिंग २५ टक्के दाबायला मिलिमीटरमागे साधारण साडेसहा न्यूटन लागतात. परीघ १७०० मिमी. एकूण ११ किलोन्यूटन, म्हणजे ११०० किलो! तीन डॉगांनी हे होत नाही, करायला जाऊही नका. तेवढा जोर पाणी आपण होऊन देतं, सुमारे ५ मीटर खोलीवर. तोवर आपलं काम एवढंच की रिंग सगळीकडून १० टक्के तरी दबलेली हवी. त्याला २६० किलो लागतात. झाकणाचे ४५ वजा करा, उरलेले तीन डॉगांत वाटा, प्रत्येकी ७० किलो. चाक आणि उताराची पट्टी असेल तर एका हाताने होतं.

आता जाडी. ३.५३ ची रिंग खाचेतून ०.९ मिमीच वर डोकावते. वेल्डिंगने बैठक अर्धा मिमी वाकली किंवा बिजागरी जरा चढली की एका बाजूला रिंग टेकतच नाही. ६.९९ ची १.७५ मिमी वर असते, बारीकसारीक चुका पोटात घालते. आणि ए-एस ५६८ च्या (ओ-रिंगांच्या मापांचं अमेरिकन मानक) यादीत ३.५३ जाडीच्या तयार रिंगा आतून ४५६ मिमीपर्यंतच येतात (२८४ नंबर), तुमच्या मापाची मिळणारच नाही. तुम्हाला ४७० नंबर हवा: आतला व्यास ५३२.२६, जाडी ६.९९. त्याच व्यासाची ५.३३ जाडीची हवी असेल तर ३९० नंबर, पण मी ४७० च घेईन.

खाच: खोली ५.११ ते ५.३६, ड्रॉइंगवर ५.२४ लिहा. रुंदी ८.७ ते ९.२. ८.९ धरली तर खाच ८२ टक्के भरते, उरलेली जागा रबर फुगायला आणि पसरायला लागते. ती जागा मारली तर रबर, जे दाबलं तरी आकारमानाने कमी होत नाही, झाकणाला पाचरीसारखं उचलून धरतं आणि लोखंड लोखंडाला टेकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: दाब बाहेरून आत येतोय. रिंग आतल्या भिंतीवर रेलते. म्हणून खाचेचा आतला व्यास रिंगेच्या आतल्या व्यासावर बेतायचा, किंचित मोठा: ५३५, म्हणजे अर्धा टक्का ताण. बऱ्याच पुस्तकांतली उदाहरणं पाइपच्या फ्लँजची असतात, तिथे दाब आतून बाहेर जातो आणि बाहेरचा व्यास बेततात. ते आकडे उचलले तर प्रत्येक डुबकीत रिंग खाचेत आतल्या अंगाला सरकते, गुंडाळली जाते, आणि पाचसात डुबक्यांत पीळ पडून फाटते.

आधी रिंग विकत घ्या, मोजा, मग खाच कापा. एवढ्या मोठ्या रिंगा यादीतल्या मापापेक्षा दोनतीन मिमी इकडेतिकडे असतात.

बंदरावरचा

वरचं सगळं मान्य. खाचेच्या जागेबद्दल भर घालतो, ती राहिली.

खालच्या बैठकीत खाच म्हणजे कचऱ्याची पेटी. तिथूनच आत उतरायचं, तिथेच बूट टेकणार, पावसाचं पाणी साचणार, वाळू बसणार. शिवाय चढता-उतरता रिंगेवर कमरेच्या पट्ट्याचं बक्कल घासतं. खाच झाकणात घ्या आणि बैठक सपाट ठेवा, एका फडक्यात पुसून होते.

झाकणात घेतली की रिंग उलटी लटकते, पडू शकते. पूर्ण डव्हटेल कापली (दोन्ही भिंती २४ अंशांनी आत झुकलेल्या) तर रिंग बसवताना अंगठे तुटतात आणि कोपरे कापायला वेगळं हत्यार लागतं. तुमच्या रिंगेला आधीच ताण आहे, तेव्हा फक्त आतली भिंत १५ अंशांनी झुकवा, तळाकडे व्यास कमी होत जाईल अशी. ताणलेली रिंग लहान व्यासाकडे, म्हणजे खाचेच्या तळाकडे, आपोआप ओढली जाते आणि पडत नाही. मग रुंदी तोंडाशी ८.२, तळाशी ९.६ ठेवा, सरासरी तीच ८.९ येते. तोंडाशी आतला व्यास ५३५ च.

दोन रिंगांबद्दल: दुप्पट रबर, पृष्ठभागावर दुप्पट जोर. म्हणजे त्याच डॉगांनी दोन्ही रिंगा अर्धवटच दबतात, दोन कच्च्या सीलांची बेरीज एक पक्कं सील होत नाही. दोन रिंगांचा खरा उपयोग एकच, मधल्या जागेला छोटं भोक घेऊन हातपंपाने गळती तपासायची असेल तर. ते काम तुम्ही व्हॅक्यूमने करू शकता.

तळठाव

धन्यवाद! डोक्यातली सगळी गणितं उलटी झाली. तीन शंका.

एक, जोर कमी हवा तर मग ५० शोअर का नाही? दोन, व्हायटॉन का नको? तीन, बैठकीचं लोखंड साधं प्रेशर व्हेसलचं आहे, खाच नि बैठक गंजू नये म्हणून एपॉक्सी रंग दिला तर?

रबरी

एक: ५० शोअर चालते, जोर निम्म्याहून कमी होतो, १० टक्क्यांना ११५ किलोच, आणि लोखंड टेकायला २ मीटर खोली पुरते. पण मऊ रबर लवकर चेपतं, नखानेही ओरखडतं, आणि ४७० नंबरात ५० शोअर शोधून दाखवा. दुकानात जे मिळतं ते ७०. ज्या बोटीची हॅच माणूस फार जोर न लावता लावू शकत नाही तिथे ६० चा विचार करावा. तुमचे डॉग नीट असतील तर ७० वर थांबा.

दोन: व्हायटॉन तेल आणि उष्णता यांसाठी आहे. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, तुमच्याकडे थंड पाणी आहे. मोठ्या तळ्यांत उन्हाळ्यातही खाली ४ अंश असतात. व्हायटॉन त्या थंडीत मंद होतं, दबलं की परत उठायला वेळ घेतं. दाब बदलून फट किंचित उघडली तर रबराने तिच्या मागे धावायला हवं, मंद रबर धावत नाही. १९८६ साली चॅलेंजर यान ज्या रिंगांमुळे गेलं त्यांचंही दुखणं थंडीत परत न उठण्याचंच होतं, जरी तिथलं तापमान आणि दाब तुमच्यापेक्षा कितीतरी वेगळे.

उरतात दोन. नायट्राइल आणि ईपीडीएम. नायट्राइल स्वस्त, चिवट, सगळीकडे मिळतं, ग्रीस-तेल सोसतं. दुष्मन म्हणजे ऊन आणि ओझोन: ताणलेल्या रबराला आडव्या बारीक चिरा पडतात. ब्रशच्या मोटारी ओझोन सोडतात, तेव्हा सुटी रिंग मोटारीच्या कपाटात ठेवू नका, काळ्या पिशवीत घरात ठेवा. ईपीडीएम ऊन, ओझोन, पाणी यांत वर्षानुवर्षं टिकतं, पण खनिज तेल लागलं की स्पंजासारखं फुगतं. कोणीतरी मदत म्हणून डब्यातलं पिवळं ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपडलं की रिंग गेली. बोटीवर पाच माणसं हात घालणार असतील तर नायट्राइल, शिस्तीचा एकच माणूस असेल तर ईपीडीएम. दोघांनाही सिलिकॉन ग्रीस चालतं. सिलिकॉन रबर मात्र घेऊ नका: ते सहज फाटतं आणि सिलिकॉन ग्रीसनेच फुगतं.

ग्रीस किती? बोटावर घेऊन रिंग चकाकेल इतकंच. खाच भरून ग्रीस घालणाऱ्यांना वाटतं की ग्रीस सील करतं. ग्रीस वाळू धरतं.

तीन: खाचेत आणि बैठकीवर रंग नको. रंगाची जाडी ठिकठिकाणी वेगळी, तो रबराखाली सुटतो, आणि त्याची पापडी रिंगेखाली गेली की तिथूनच थेंब. नीट उपाय म्हणजे बैठकीच्या कडीवर ३०९एल स्टेनलेसच्या वेल्डचा थर चढवायचा आणि मग तो कापून बैठक करायची, कापल्यावर ३ मिमी स्टेनलेस उरला पाहिजे. झाकणाच्या कडीलाही तसंच. गोड्या पाण्यात हे आयुष्यभर पुरेल. खाऱ्या पाण्यात न्यायची असेल तर सावध, रिंगेखालच्या साचलेल्या खाऱ्या पाण्यात स्टेनलेसलाही खड्डे पडतात. तिथे दर डुबकीनंतर हॅच उघडून गोड्या पाण्याने धुणं एवढाच स्वस्त उपाय आहे.

व्हीटीएल

थराचा विषय निघालाय तर क्रम सांगतो, कारण यातच पैसे बुडतात. बैठकीची कडी आधी फिनिश करून मग टॉवरला वेल्ड केली की ती बटाट्याच्या चिप्ससारखी होते. क्रम असा: कडी टॉवरच्या नळ्याला वेल्ड करा, स्टेनलेसचा थर चढवा, भट्टीत ताण उतरवा, मग अख्खा टॉवर व्हर्टिकल टरेट लेथवर (उभ्या अक्षाच्या मोठ्या लेथवर) चढवून बैठक एकाच सेटिंगमध्ये कापा. टॉवर अर्धा मीटर उंच असेल तर मशीनवर आरामात बसतो. त्यानंतर टॉवरचं खालचं टोक हलला वेल्ड करा. बैठकीपासून अर्धा मीटर दूर असल्याने ती हलत नाही, तरी वेल्डिंगनंतर डायल गेज फिरवून बघाच. सपाटपणा ०.१ मिमीच्या आत मागा. रबराला ०.३ ही चाललं असतं, पण २३ टन समान वाटले जायला ०.१ हवा.

फिनिश (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.८ मायक्रॉन. पण आकड्यापेक्षा रेघांची दिशा महत्त्वाची. लेथची हत्याराची रेघ वर्तुळात फिरते, पाण्याला ती ओलांडता येत नाही, म्हणून जरा खरखरीत असली तरी चालते. मशीन शॉपमधला पोऱ्या शेवटी चकचकीत दिसावं म्हणून पॉलिशपेपर आतून बाहेर आडवा मारतो, आणि प्रत्येक ओरखडा एक पाट होतो. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत लिहा: आडवा पेपर मारू नये.

खाचेच्या तळाच्या कोपऱ्याला ०.५ ते ०.९ त्रिज्या, वरच्या कडा ०.१५ मोडलेल्या. धारदार कडेवरून रिंग ताणून बसवताना सोलली जाते.

कोकणी_काठी

बिजागरीबद्दल कोणीच बोललं नाही?

बंदरावरचा

बरी आठवण केलीत, कारण नव्या हॅचची निम्मी गळती बिजागरीमुळे असते, रिंगेमुळे नाही.

झाकणाच्या तीन उंच्या आहेत. नुसतं ठेवलं तर ते रिंगेवर, लोखंडापासून जवळजवळ १.७५ मिमी वर. डॉग लावल्यावर १ मिमी वर. ५ मीटर खाली गेल्यावर शून्य. बिजागरीची पिन घट्ट भोकात असेल तर ती यातली एकच उंची मानते. शून्यावर जुळवली तर बंद करताना बिजागरीकडची रिंग आधीच चेचली जाते आणि समोरची बाजू उघडी राहते. १ मिमीवर जुळवली तर खोलीवर बिजागरीच वाकते, २३ टनांपुढे तिचं काय चालणार. म्हणून भोक लांबट करा, उभ्या दिशेने ३–४ मिमी खेळ द्या. बिजागरीचं काम झाकण वाहून नेण्याचं, दाबायचं नाही. मध्यावर आणायला बैठकीच्या आतल्या बाजूला तीन छोटे मार्गदर्शक ठोकळे, २ मिमी फट ठेवून.

तपासायची पद्धत: डॉग लावा, बाहेरून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दर ३० अंशांवर, बारा ठिकाणी, झाकण-बैठकीतली फट मोजा. सगळीकडे १ मिमीच्या आसपास हवी. बिजागरीकडे ०.६ आणि समोर १.४ आली तर बिजागरी सैल करा किंवा डॉगची लांबी बदला. कुठे १.७ दिसली तर तिथे रिंग टेकलेलीच नाही, हिशोब संपला.

आणि डॉगच्या बाबतीत एक नियम, तो चाकाशेजारी रंगाने लिहून ठेवा: पाण्याखाली चाक आवळायचं नाही. खोलीवर झाकण १ मिमी खाली बसतं, डॉग सैल पडतात, चाक हलकं फिरतं, आणि आतल्या माणसाला वाटतं सुटतंय म्हणून तो आवळतो. वर आल्यावर रिंग आपले ११०० किलो परत मागते आणि ते सगळे डॉगांवर येतात. मग चाक फिरत नाही, हात वाकतो, आणि आतला माणूस आतच. डॉगच्या मुळाशी बेलेव्हिल वॉशरची (स्प्रिंगसारख्या बशीच्या आकाराच्या वॉशरची) जोडी घाला म्हणजे सैल वाटणारच नाही.

तळठाव

हे भीतिदायक आहे. वर आल्यावर हॅच न उघडण्याचं अजून काही कारण असतं का?

रबरी

असतं, आणि त्याचा रिंगेशी संबंध नाही. हॅच बंद केलं तेव्हा आत ३० अंश होते, तळाशी तासभर राहून आत १५ झाले. बंद हवेचा दाब ५ किलोपास्कलने उतरतो. ऐकायला काहीच नाही, पण ०.२३ चौरस मीटरवर ते ११५ किलो होतात, वर झाकणाचे ४५. आतून कोणी उचलत नाही. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा स्क्रबर चालू आणि प्राणवायू जरा कमी सोडला तरी हाच परिणाम.

उलटही होतं. हवेची नळी आत गळत असेल तर दाब चढतो. ०.१ बार जास्त झाला की २३०० न्यूटन झाकणाला वर ढकलतात. डॉग सोडले की झाकण उडतं, समोर तोंड असेल तर तोंडासकट.

म्हणून बरोबरी करणारा व्हॉल्व्ह, पाव ते अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह, टॉवरमध्ये पाण्याच्या रेषेच्या बराच वर हवाच. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालणारा. एबीएसचे (जहाजांचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था) पाणबुड्यांचे नियम वाचा, घरगुती बोटीला ते कायद्याने लागू असोत वा नसोत, हॅच दोन्ही बाजूंनी उघडता यावं आणि उघडण्याआधी दाब सारखा करता यावा ही त्यातली कलमं फुकट मिळालेलं शहाणपण आहे. आत हवेचा दाब दाखवणारा साधा ॲनेरॉइड बॅरोमीटर लावा. आधी बॅरोमीटर, मग व्हॉल्व्ह, मग चाक.

कोकणी_काठी

जरा वेगळं. भारतात ४७० नंबर सहज मिळत नाही, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मात्र ७ मिमीची नायट्राइल दोरी मीटरवर मिळते. ती कापून इन्स्टंट ग्लूने जोडली तर? मी पाणबुडी नाही, पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा मोठा डबा करतोय.

रबरी

डब्याला जोडा, माणूस बसणार असेल तर कारखान्यात व्हल्कनाइझ केलेला जोड घ्या. दोरी विकणाऱ्या बऱ्याच दुकानांमागे ते करून देणारा असतोच.

हाताने जोडायचं तर: ४५ अंशांचा तिरका काप, लाकडी ठोकळ्यात खोबण करून त्यात दोरी धरून नव्या ब्लेडने, एका झटक्यात. करवतीसारखं मागेपुढे केलं की टोक खडबडीत. दोन्ही टोकं एकाच दिशेने कापायची, नाहीतर जुळत नाहीत. दोन्ही टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकाच टोकाला एक थेंब पातळ सायनोॲक्रिलेट (म्हणजे तोच इन्स्टंट ग्लू), जुळवा, अर्धा मिनिट धरा. जास्त थेंब घातला की जोडापाशी काचेसारखी कडक गाठ होते, आणि नेमकी तीच गळते. गाठ ब्लेडने नाही, बारीक पेपरने लांबीच्या दिशेने उतरवा. २० मिमी गजाभोवती गुंडाळून भिंगाने बघा, काप उघडताना दिसला तर टाकून द्या.

लांबी मात्र ताणाशिवाय. बाहेरचा दाब असेल तर आतला खाचव्यास अधिक ७, गुणिले पाय (π). ५३५ च्या खाचेला १७०३ मिमी. चिकटवलेल्या जोडाला ताण दिला की तो पहिल्या थंडीत सुटतो.

डब्याला ॲक्रिलिकची काच असेल तर सांभाळा, सायनोॲक्रिलेटची वाफ आणि ॲसिटोन दोन्हींनी ॲक्रिलिकवर धुकं आणि बारीक भेगा येतात. जोड दुसऱ्या खोलीत करा.

तळठाव

शेवटचं. हॅच बसलं की तपासायचं कसं? थेट पाण्यात?

बंदरावरचा

पाणी सगळ्यात शेवटी.

आधी खडू. बैठकीवर निळा खडू घासा, हॅच बंद करा, डॉग लावा, उघडा. रिंगेवर अखंड निळी रेघ हवी, रुंदी सगळीकडे सारखी. रेघ तुटली तिथे फीलर घेऊन जा.

मग व्हॅक्यूम. आत माणूस नको. बोटीच्या एका छोट्या भोकाला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडा, तो १० किलोपास्कल सहज काढतो, भोकाचा व्हॉल्व्ह बंद करा. दुसऱ्या भोकाला पारदर्शक नळीचा यू, त्यात पाणी, १० किलोपास्कलला दोन्ही पातळ्यांत १ मीटरचा फरक. अर्धा तास बघा. पण उन्हात नको! आतली हवा एक अंश तापली की दोन्ही पातळ्यांतला फरक साधारण ३२ मिमीने बदलतो आणि गळती नसताना गळती दिसते, किंवा थंड होत असेल तर असलेली गळती लपते. सावलीत, पहाटे, आत थर्मामीटर ठेवून. हॅचचं आणि बाकीच्या भोकांचं भांडण नको म्हणून आधी बाकी सगळं बंद करून तपासा.

मग पाण्यात रिकामी, क्रेनच्या दोरीवर. उतरवण्याआधी बैठकीच्या आतल्या काठाच्या खाली टॉवरच्या भिंतीवर धुऊन जाणाऱ्या शाईच्या मार्करने गोल रेघ मारा. थेंब आला तर शाई त्या जागी ओघळते, आणि कुठल्या अंशावर गळलं ते कळतं. नुसतं तळाशी पाणी दिसलं तर ते हॅचचं की घामाचं की व्हॉल्व्हचं, रात्रभर वाद.

खोली: आधी १ मीटर, अर्धा तास. मग ३. मग १०. घाईने १०० वर जाऊ नका, कारण १ मीटरवर गळणारं हॅच ३० मीटरवर कोरडं असतं, आणि तुम्ही समजता सगळं ठीक आहे. शेवटी डिझाइनच्या सव्वापट, १२५ मीटर, तीही रिकामीच, तासभर. तिथे हॅचची नाही, हलची परीक्षा असते.

तळठाव

ड्रॉइंग बदललं. ४७० नंबर, ७० शोअर नायट्राइल, खाच झाकणात, आतला व्यास ५३५, खोली ५.२४, रुंदी ८.२/९.६, आतली भिंत १५ अंश, ३०९एल चा थर दोन्हीकडे, बिजागरीचं भोक उभं ४ मिमी लांबट. रिंग किती दिवसांनी बदलू?

रबरी

दिवस मोजू नका, रिंग मोजा. काढा, एक दिवस मोकळी ठेवा, आठ ठिकाणी उंची मोजा. नवी ६.९९, दबलेली ५.२४. मोकळी केल्यावर ६.४ भरली तर गेलेले ०.५९ भागिले दबलेले १.७५, म्हणजे ३४ टक्के चेप. एवढ्यावर मी अजून वापरतो. ६.२ च्या खाली गेली की नवी. भिंगाखाली आडव्या चिरा दिसल्या तर उंची कितीही असो, नवी.

आणि हिवाळ्यात बोट शेडमध्ये असताना हॅच डॉग लावून ठेवू नका, झाकणाखाली लाकडी ठोकळे. सहा महिने दबलेली रिंग वसंतात चपटीच निघते.

व्हीटीएल

ड्रॉइंगात एक राहिलंय. ५३५ हा व्यास खाचेच्या तोंडाशी आहे की तळाशी ते लिहा. १५ अंशांत तळाशी तो ५३२.२ होतो. नुसतं ५३५ लिहिलं तर मशीनवाला आधी सरळ खाच कापेल, मग भिंत झुकवताना तोंडाकडून कापत बसेल, आणि रिंग पहिल्याच दिवशी गळून पडेल.

तळठाव

लिहिलं. ‘तोंडाशी’, आणि बाण.